ओळ उजवीकडे ढकलण्याआधी

प्रश्न : मी एक्केचाळीस वर्षांची गृहिणी असून साताऱ्याजवळच्या एका गावात राहते. लग्नाआधी बी.कॉम. झाले होते. आमच्या महिला बचत गटाचा हिशेब मी अनेक वर्षे वहीत ठेवते आहे आणि तो संगणकावर करता यावा म्हणून चार महिन्यांपासून संध्याकाळच्या क्लासमध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे. चाचणीसाठी पाच जणींचे हप्ते घेऊन मी पुढील प्रोग्रॅम लिहिला :

हप्ते = [२००, २००, ०, २००, १५०]
फॉर हप्ता इन हप्ते:
एकूण = ०
एकूण = एकूण + हप्ता
प्रिंट(एकूण)

त्यावर तिसऱ्या ओळीवर 'एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक' अशी चूक आली. मी ती ओळ आत सरकवली, तेव्हा चूक गेली. पण उत्तर ७५० यायला हवे तिथे १५० आले. तीनदा सगळे नव्याने टाइप केले, तरी तेच. दुसरी अडचण अशी, की क्लासमध्ये चालणारी फाइल मी पेनड्राइव्हवर घरी आणली आणि तिच्यात एकच ओळ वाढवली, तर 'अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल' असे येते, आणि ओळी तर डोळ्यांना अगदी सरळ दिसतात. क्लासचे सर सांगतात टॅब वापरा, इंजिनिअरिंगला असलेला माझा मुलगा सांगतो चार स्पेस द्या. यापुढे मला उशिराच्या दंडाचा हिशेबही त्यात घालायचा आहे. या वयात हे जमणार नाही का?

उत्तर : तुम्ही प्रोग्रॅम जसाच्या तसा पाठवला आणि चुकीचा संदेशही शब्दशः उतरवून दिला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे, कारण 'चालत नाही' एवढेच लिहून आलेल्या पत्राला उत्तर देणे फार अवघड असते. वयाची शंका प्रथम मनातून काढून टाकावी. तुमच्या पहिल्या पाच ओळींत जी चूक आहे ती अठरा वर्षांची मुलेही पहिल्या आठवड्यात करतात, आणि तीनदा टाइप करूनही ती गेली नाही याचे कारण इतकेच, की टाइप करताना कोणतेही अक्षर चुकलेले नव्हते. ओळी चुकीच्या जागी होत्या, आणि तिन्ही वेळा त्या त्याच जागी उतरल्या.

(तुमच्याप्रमाणे मीही येथे सूचनांचे शब्द देवनागरीत लिहितो आहे. यंत्रात ते आणि आकडेही इंग्रजी लिपीतच द्यावे लागतात. मात्र 'एकूण', 'हप्ता' ही चलांची, म्हणजे किंमत साठवण्याच्या जागांची, नावे पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवली तरी चालतात, आणि हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ती वाचायला सोपी जातात.)

आता तुमचा संदेश नीट वाचू. त्याचा मराठीत अर्थ असा होतो : दुसऱ्या ओळीने कोलन देऊन 'प्रत्येक हप्त्यासाठी पुढील काम करावे' असे म्हटले, पण तिच्या हाताखाली एकही ओळ दिलेली नाही. पायथन ३.१० पासून पुढच्या आवृत्त्यांत हा संदेश 'आफ्टर फॉर स्टेटमेंट ऑन लाइन २' असे सांगून कोणत्या ओळीच्या हाताखाली काम अपेक्षित होते हेही स्पष्ट करतो, आणि म्हणून संदेशाची ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचण्याची सवय लावून घ्यावी. या तक्रारीचे समाधान व्हायला कोणतीही एक ओळ आत जाणे पुरेसे असते. ती योग्य ओळ आहे की नाही, हे पायथन विचारत नाही, कारण तुमच्या गटाचा हिशेब कसा चालतो हे त्याला ठाऊक असण्याचा मार्गच नाही. तुम्ही तिसरी ओळ आत घेतली, त्याची अट पूर्ण झाली आणि लाल अक्षरे गेली.

मात्र आता लूपमध्ये, म्हणजे 'फॉर'खाली पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, एकच काम उरले, ते म्हणजे एकूण शून्य करणे. ते पाच वेळा झाले. लूप संपल्यावर बेरजेची ओळ एकदाच चालली, आणि पायथनमध्ये लूप संपला तरी 'हप्ता' या नावात शेवटची किंमत टिकून राहत असल्यामुळे शून्यात १५० मिळवले गेले. तुमचे १५० ते हेच. चौथी ओळही आत घेतली असती तरी उत्तर १५०च आले असते, कारण दर वेळी आधी शून्य आणि मग बेरीज असा क्रम राहिला असता. आणि पाचवीही आत घेतली असती तर २००, २००, ०, २००, १५० असे पाच आकडे एकाखाली एक छापले गेले असते. पाहा, तीन निरनिराळ्या मांडण्या, तिन्हींत चूक दाखवणारा संदेश नाही, आणि तिन्हींत उत्तर चुकीचे. तिसरी ओळ उजवीकडे सरकण्याची गरजच नव्हती, तिला वर जायला हवे होते :

हप्ते = [२००, २००, ०, २००, १५०]
एकूण = ०
फॉर हप्ता इन हप्ते:
    एकूण = एकूण + हप्ता
प्रिंट(एकूण)

हे चालवून पाहिल्यास ७५० येतील.

तुम्ही वही लिहिणाऱ्या आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. जमाखर्चात आपण 'बैठकीचा खर्च ५००' असे लिहितो, खाली 'पैकी' म्हणून चहा, झेरॉक्स, रिक्षाभाडे या ओळी जरा आत घेतो, आणि पुढची स्वतंत्र बाब आली की पुन्हा समासाशी येतो. वही वाचणारी कोणीही स्त्री त्या आत घेतलेल्या जागेवरूनच समजते की रिक्षाभाडे वरच्या पाचशेंपैकी आहे, वेगळे नाही. पायथनमधली आत घेतलेली ओळ नेमकी अशीच 'पैकी'ची ओळ असते. म्हणून संदेश आला की 'किती स्पेस देऊ' हा प्रश्न नंतर विचारावा. आधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'ही ओळ कोणापैकी' असे विचारावे. 'एकूण शून्य' हे प्रत्येक हप्त्यापैकी काम आहे का? नाही, ते महिन्याची वही उघडताना एकदाच करायचे काम आहे. 'बेरीज' प्रत्येक हप्त्यापैकी आहे का? आहे. 'छापणे'? ते सगळे झाल्यावर एकदा. एवढे ठरले की ओळींच्या जागा आपोआप ठरतात. मी नवशिक्यांना छापील प्रोग्रॅमवर पेन्सिलीने प्रत्येक कोलनखालून सरळ उभी रेघ ओढायला सांगतो आणि ती रेघ जिथे संपते तिथे 'झाले' असे लिहायला लावतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यातून जेवढे लक्षात येते तेवढे तासभर पडद्याकडे पाहून येत नाही.

आता दुसरी अडचण, आणि ती पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे, कारण येथे डोळे आणि यंत्र वेगवेगळे पाहतात. पायथन प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा मोजतो आणि त्या मापांची एक चळत ठेवतो. चळतीच्या तळाशी शून्य असते. कोलननंतरची ओळ अधिक आत असेल तर तिचे माप चळतीवर चढते. पुढची ओळ तेवढीच आत असेल तर ती त्याच गटातली. आणि ती कमी आत असेल तर वरची मापे एकेक करून उतरवली जातात, जोवर बरोबर तेवढेच माप सापडत नाही. ते सापडलेच नाही, तर जो संदेश येतो तो तुमचा 'अनइंडेंट डझ नॉट मॅच'. म्हणजे ओळ बाहेर तर आली, पण कोणत्या ओळीच्या रांगेत आली ते कळत नाही. याउलट वर कोलन नसताना ओळ विनाकारण आत गेली, तर 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट' असा संदेश येतो. हे दोन आणि तुमचा पहिला, असे तिन्ही संदेश याच चळतीतून निघतात, हे एकदा ध्यानात आले की ते पाठ करावे लागत नाहीत.

तुमच्या फाइलचे काय झाले असावे ते आता सांगता येते. क्लासमधल्या एडिटरने (ज्यात प्रोग्रॅम टाइप करतो त्या सॉफ्टवेअरने) टॅबची कळ दाबल्यावर फाइलमध्ये खरोखरच टॅब हे चिन्ह लिहिले. घरच्या एडिटरने, तुम्ही वाढवलेल्या ओळीसाठी, चार स्पेस लिहिल्या. पडद्यावर घरचा एडिटर टॅबही चार घरांएवढा दाखवतो, म्हणून दोन्ही ओळी सरळ दिसतात. पायथन मात्र टॅब आला की पुढच्या आठाच्या पटीपर्यंत मोजतो. तुमच्या जुन्या ओळीचे माप झाले ८, नव्या ओळीचे ४. चळतीत ० आणि ८ आहेत, ४ नाही. म्हणून तो संदेश. हीच गोष्ट उलट क्रमाने घडली असती, म्हणजे आधीच्या ओळीत चार स्पेस आणि नंतरच्या ओळीत टॅब असता, तर संदेश वेगळा, 'टॅबएरर : इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस' असा आला असता. रोग एकच, लक्षणे दोन, आणि पुष्कळ शिकाऊ मंडळी दुसरा संदेश पाहिला तरच टॅब-स्पेसचा संशय घेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ओळी सरळ दिसत असताना 'अनइंडेंट डझ नॉट मॅच' आले, तर पहिला संशय टॅबवरच घ्यावा.

उपाय सोपा आहे. न दिसणारे आधी दिसू द्यावे. नोटपॅड++ या एडिटरमध्ये 'व्ह्यू' या मेनूतून मोकळ्या जागा आणि टॅब दाखवण्याची सोय चालू केली की स्पेस ठिपक्यासारखी आणि टॅब बाणासारखा दिसू लागतो. व्हीएस कोड या एडिटरमध्येही 'रेंडर व्हाइटस्पेस' या नावाने तीच सोय आहे. मिश्रण दिसले की एकेक ओळ हाताने दुरुस्त करत बसू नये. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबून 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' ही आज्ञा द्यावी; पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये सगळा मजकूर निवडून 'फॉरमॅट' मेनूतले 'अनटॅबिफाय रीजन' वापरावे आणि टॅबची रुंदी विचारली तर ४ सांगावी. त्याच मेनूत 'इंडेंट रीजन' आणि 'डिडेंट रीजन' आहेत. चार-पाच ओळी एकदम आत किंवा बाहेर न्यायच्या असतील तेव्हा त्या निवडून हेच वापरावे, म्हणजे एखादी ओळ तीन स्पेसवर अडकून राहत नाही.

सर आणि मुलगा यांच्यातल्या वादाबद्दल. पायथन दोन्ही स्वीकारतो, फक्त एका फाइलमध्ये त्यांचा गोंधळ होईल असे मिश्रण पायथन ३ स्वीकारत नाही. मात्र पायथनच्या लेखनशैलीचे जे अधिकृत टिपण आहे, ज्याला पेप ८ म्हणतात आणि जे २००१ पासून प्रचारात आहे, त्यात प्रत्येक पायरीला चार स्पेस असे सुचवले आहे, आणि इंटरनेटवर तुम्हाला मिळणारा बहुतेक सारा कोड तसाच असतो. म्हणून माझे मत तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. सरांचे म्हणणेही पाळता येते, कारण टॅबची कळ आणि टॅब हे चिन्ह या दोन निराळ्या गोष्टी आहेत : एडिटरची मांडणी योग्य ठेवली की टॅबची कळ दाबल्यावर फाइलमध्ये चार स्पेसच पडतात. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे 'स्पेसेस : ४' असे लिहिलेले दिसले तर तसे चालू आहे असे समजावे. क्लासच्या संगणकावर तेथे 'टॅब साइझ' दिसत असेल तर सरांना विनंती करून ते बदलून घ्यावे; सगळ्याच विद्यार्थ्यांचा त्रास वाचेल.

इतर अनेक भाषांत ओळींचा गट दाखवायला कंस असतात, मग पायथनने मोकळ्या जागेवर एवढा भार का टाकला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या अखेरीस ॲमस्टरडॅममध्ये पायथनवर काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. त्याआधी ते एबीसी नावाच्या शिकाऊ लोकांसाठीच्या भाषेवर काम करत होते, आणि ओळी आत घेऊन गट दाखवण्याची रीत त्यांनी तिथून आणली. या रीतीचे मोल काय, ते सी भाषेतल्या एका प्रसंगावरून कळते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीची सुरक्षा दुरुस्ती द्यावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये 'गोटू फेल' (म्हणजे पुढचे सोडून थेट शेवटाकडे जा) ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ आली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत घेतलेल्या होत्या, म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही वरच्या 'इफ'पैकी वाटत. पण महिरपी कंस नसल्यामुळे यंत्राच्या हिशेबी दुसरी ओळ 'इफ'च्या बाहेर होती आणि ती कोणत्याही अटीविना चालत असे, त्यामुळे पुढची महत्त्वाची तपासणी होतच नव्हती. सीमध्ये माणूस मोकळी जागा वाचतो आणि यंत्र कंस वाचते, आणि दोघांचे वाचन जुळले नाही तरी कोणी सांगत नाही. पायथनमध्ये दोघे एकच गोष्ट वाचतात. सुरुवातीला जाच वाटणारा हा नियम तुमच्या हिशेबाच्या बाजूचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तरीही, तुमच्या १५०ने दाखवल्याप्रमाणे, संदेश न देणारी चूक उरतेच, आणि गटातल्या बायकांच्या पैशाचा प्रश्न असल्यामुळे मला तिचीच जास्त काळजी वाटते. अशा चुकीचा माग उत्तरावरून काढता येतो. बेरजेऐवजी शेवटच्या सभासदाचीच रक्कम आली, तर शून्य करण्याची ओळ लूपच्या आत आहे किंवा बेरजेची ओळ बाहेर राहिली आहे. २००, ४००, ४००, ६००, ७५० अशी चढती रांग छापली गेली, तर बेरीज बरोबर आहे, फक्त छापण्याची ओळ आत गेली आहे. पुढे तुम्ही फंक्शन (नाव देऊन हवे तेव्हा वापरता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा) लिहायला लागाल, तेव्हा बेरजेऐवजी पहिल्याच सभासदाचे २०० परत आले, तर 'रिटर्न'ची ओळ लूपच्या आत गेली आहे असे समजावे, कारण रिटर्न पहिल्याच फेरीत फंक्शन संपवतो. आणि म्हणूनच चाचणीचे आकडे निवडताना तुम्ही नकळत एक फार चांगली गोष्ट केली : पाचही हप्ते सारखे ठेवले नाहीत. सगळे २०० ठेवले असते, तर पहिलीची रक्कम परत आली की शेवटचीची, हे उत्तरावरून ओळखता आले नसते.

दोन लहान गोष्टी येथेच सांगून टाकतो. कोलनखाली नुसती हॅशने सुरू होणारी टीप लिहून ठेवली, तर पायथन ती ओळ म्हणून धरत नाही आणि 'एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक' असेच म्हणतो. काम नंतर लिहायचे असेल तर तात्पुरते 'पास' एवढे लिहावे. तसेच पीडीएफमधून कोड उचलला तर ओळींच्या आधीच्या जागा बहुधा नाहीशा होतात, आणि वेबपानावरून उचलला तर कधी कधी साध्या स्पेसऐवजी दुसरेच, दिसायला तसेच असणारे चिन्ह येते आणि पायथन 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर' अशी तक्रार करतो. तेव्हा त्या जागा पुसून कळफलकाने पुन्हा द्याव्यात.

दंडाचा भाग तुम्ही आता असा लिहू शकाल, हप्ता अपुरा असल्यास १० रुपये दंड धरून :

एकूण = ०
दंड = ०
फॉर हप्ता इन हप्ते:
    एकूण = एकूण + हप्ता
    इफ हप्ता < २००:
        दंड = दंड + १०
    एल्स:
        प्रिंट("हप्ता पूर्ण")
प्रिंट(एकूण, दंड)

येथे 'पैकी'ची दुसरी पायरी आली : दंडाची ओळ 'इफ'पैकी, आणि 'इफ' स्वतः 'फॉर'पैकी, म्हणून आठ स्पेस. 'एल्स' कोणाच्या रांगेत आहे ते मात्र फार जपून पाहावे. तो 'इफ'च्या बरोबर खाली हवा. तो चार स्पेस मागे येऊन 'फॉर'च्या खाली गेला, तर तो 'फॉर'ला जोडला जातो, आणि असा 'एल्स' बहुतेक इतर भाषांत चूक ठरला असता. पायथनमध्ये 'फॉर'लाही स्वतःचा 'एल्स' असू शकतो, जो लूप 'ब्रेक'ने मध्येच न तुटता पुरा झाला की एकदा चालतो, आणि त्यामुळे कोणताही संदेश येत नाही. चालवण्याआधी पाच हप्त्यांचे उत्तर कागदावर काढून ठेवा : एकूण ७५०, दंड २०, आणि 'हप्ता पूर्ण' तीनदा. ते एकदाच छापले गेले, तर आकडे बरोबर असले तरी 'एल्स'ची ओळ आणि तिच्या हाताखालची ओळ, दोन्ही निवडून चार स्पेस आत घ्या.